कोकणच्या दमट हवेत घरची कॉफी भाजणी: पॉपकॉर्न यंत्र, ओटीजी आणि ब्रेडमेकरची परीक्षा

घरी कॉफी भाजायला लोक स्वयंपाकघरातल्या तीन वस्तू जुंपतात: गरम हवेचं पॉपकॉर्न यंत्र, फिरत्या सळईचा ओटीजी आणि पीठ मळणारा ब्रेडमेकर, ज्यावर वरून हीट गन, म्हणजे कडक गरम हवेचा झोत सोडणारी बंदूक, धरायची. पुण्या-नाशकाच्या हवेत जमलेल्या कृती अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जशाच्या तशा लागू पडत नाहीत. इथे कच्चा दाणा ओलावा धरतो, जोडांवर गंज चढतो आणि दिवेलागणीला व्होल्टेज बसतं.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. किनाऱ्यावर ब्रेडमेकर आणि हीट गन ही जोडी पहिली. पंखा वेगळा करून घेतलेलं पॉपकॉर्न यंत्र दुसरं. ओटीजी बराच मागे. उष्णता देणं आणि दाणे हलवणं ही दोन कामं ज्या जुगाडात वेगवेगळ्या बटणांवर आहेत, तोच इथल्या विजेवर नीट चालतो.

व्होल्टेजचं गणित समजलं की निम्म्या तक्रारी आपोआप उलगडतात. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १२०० वॉट देणारा हीटर २०० व्होल्टला जेमतेम ९०७ वॉट देतो आणि २५० ला १४१८. म्हणजे तेच यंत्र, तेवढेच दाणे, पण संध्याकाळी घाणा रेंगाळतो आणि मध्यरात्री करपतो. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर घ्या आणि प्रत्येक घाण्याच्या नोंदीत वेळ आणि वजनाच्या शेजारी व्होल्टेजही लिहा. पडवीपर्यंत ओढलेली पातळ वायरची एक्स्टेन्शन आणखी चार-सहा व्होल्ट खाते आणि स्वतः तापते, ते वेगळंच. रिलेवाला स्टॅबिलायझर लावावा असं वाटतं खरं, पण तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि ऐन भाजणीत हीटर एकदम भडकतो किंवा मंदावतो. हाताने फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा १० अँपिअरचा व्हेरिॲक ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असला तरी या कामाला तोच योग्य.

आता पॉपकॉर्न यंत्र. विकत घेण्याआधी झाकण काढून भांड्यात डोकवा. गरम हवा बाजूच्या भिंतीतल्या तिरप्या खाचांतून येत असेल तर ते कॉफीला चालेल. तळाच्या जाळीतून सरळ वर येत असेल तर ठेवून द्या. तळच्या जाळीत भाजताना दाण्यांवरून सुटणारी फोलपटं अडकतात, हीटरवर पडून पेट घेतात. याला दुसरा इलाज नाही.

आत रचना अशी असते: मुख्य हीटरची कॉइल, तिच्याबरोबर एक थर्मोस्टॅट आणि एक थर्मल फ्यूज. पंख्याची मोटर साधारण १२ ते २० व्होल्टची डीसी. २३० व्होल्ट तिच्यापुरते उतरवायचं काम हीटरजवळच्याच एका छोट्या कॉइलला दिलेलं असतं आणि पुढे एसीचं डीसी करायला चार डायोडचा ब्रिज. स्वस्तात बसवलेली ही युक्ती पॉपकॉर्नपुरती ठीक आहे. कॉफीसाठी तीच मुळावर येते. व्होल्टेज पडलं की हीटरबरोबर पंखाही मंदावतो, दाणे एका जागी बसतात, तळचे काळे होतात आणि वरचे हिरवे राहतात.

पंखा फिरतो पण हवा गार, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. यंत्र प्लगमधून काढा, गार होऊ द्या, मग मल्टिमीटर लावा. १२०० वॉटच्या कॉइलचा रोध सुमारे ४४ ओहम दाखवला पाहिजे. कॉइल ठीक असेल तर थर्मोस्टॅट बघा. तो गार झाल्यावर पुन्हा जोडला जातो. थर्मल फ्यूज मात्र एकदा गेला की गेला. नवा घेताना जुन्याच्या अंगावर कोरलेलं तापमान आणि अँपिअर तंतोतंत तेच घ्या, आणि जोडताना लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, दाबून जोडा. सोल्डर केलात तर त्या उष्णतेनेच नवा फ्यूज जागच्या जागी उडतो. अनेक वायरमन असा फ्यूज काढून सरळ तार जोडून देतात. ते यंत्र घरात ठेवू नये.

हवा गरम, पण पंखा मरगळलेला असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड तुटलेला असतो किंवा पंख्याच्या पात्यात फोलपटं गुंडाळलेली असतात. डायोड चौघेही एकदम बदला, पैसे काही फार लागत नाहीत. किनाऱ्यावर तिसरं कारणही असतं: खाऱ्या हवेने जोडांच्या लगांवर चढलेली हिरवट पूड. असा जोड तापतो, त्याच्याजवळची वायर काळी पडते. लग कापून नवी दाबा, पुसून भागत नाही.

पंखा वेगळा करायचा तर मोटर ब्रिजपासून सोडवून तिला २४ व्होल्ट डीसी देणारं एसएमपीएस आणि पुढे व्होल्टेज उतरवणारं बक मॉड्यूल द्या. मोटरच्या तारांची दिशा उलटी झाली तर पंखा उलटा फिरतो आणि हवा जवळजवळ येतच नाही, तेव्हा आधी रिकाम्या यंत्रावर हीटर न लावता बघून घ्या. मुख्य हीटरला ट्रायॅकवाला पॉवर रेग्युलेटर लावा. बाजारात ४००० वॉट लिहिलेला मिळतो. आकड्यावर जाऊ नका, पण हीटसिंकसह १२०० वॉट तो सुखाने पेलतो. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर इथे लावलात तर तो काही सेकंदांत जळेल. नियम एकच: पंखा आधी चालू, शेवटी बंद. भांडं धातूचं असतं आणि हीटर त्याच्या खालीच, म्हणून भांड्याला अर्थिंगची तार जोडा आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हे काम हातात घेऊच नका. ज्यांना मल्टिमीटर धरता येत नाही त्यांनी ओळखीच्या वायरमनकडून करून घ्यावं.

चालवताना घाणा ७० ते ९० ग्रॅमचा. सुरुवातीला दाणे हलत नाहीत. ओला दाणा जड असतो, पावसाळ्यात तर जास्तच. यंत्र थोडं तिरकं करा आणि लाकडी उलथन्याच्या दांड्याने पहिली दीड-दोन मिनिटं ढवळा. पिवळे पडू लागले की हलके होऊन ते आपले आपण फिरतात. भाजणी फार झटपट होते म्हणून लोक जास्त दाणे घालतात, आणि ती आणखी झटपट होते. दाणे जास्त झाले की हवेची वाट अडते, अडलेली हवा हीटरजवळ अधिक तापते. घाणा कमी करा किंवा हीटर उतरवा. पहिला क्रॅक, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडतडल्याचा आवाज, चार मिनिटांच्या आत येत असेल तर बाहेरून तपकिरी आणि आतून कच्चट अशी कॉफी मिळणार. सहा ते आठ मिनिटांवर आणा. वरचं प्लास्टिकचं तोंड वितळतं, त्याऐवजी दोन्ही बाजू कापलेला टिनचा डबा चिमणीसारखा बसवा. डब्याच्या आत रंग किंवा लॅकर असेल तर आधी बाहेर मोकळ्यावर जाळून काढा.

ओटीजीबद्दल थोडक्यात सांगितलं असतं, पण घरोघरी तोच असतो, त्यामुळे लोक त्यातच जीव काढतात. छिद्रांच्या स्टीलचा पिंप करून ग्रिलच्या सळईवर चढवायचा, ही कल्पना चांगली. अडचण दोन ठिकाणी येते. सळईची मोटर मिनिटाला दोन-तीन फेरे मारते. एवढ्या संथ गतीत दाणे उलटत नाहीत, नुसते घसरतात, आणि सपाट बाजूवर काळे डाग पडतात. १२ सेंटिमीटर व्यासाच्या पिंपाला ५० ते ६० फेऱ्यांची गिअरची मोटर हवी, आणि आत सेंटिमीटरभर उंचीच्या तीन-चार पट्ट्या, म्हणजे दाणे उचलून टाकले जातात. दुसरी अडचण थर्मोस्टॅटची. २५० अंशाला लावलं तरी तो हीटर चालू-बंद करत राहतो. पहिला क्रॅक १९६ ते २०५ अंशांच्या आसपास येतो, आणि नेमका तिथे पोचताना हीटर बंद पडला की दाणा रेंगाळतो. वीस-बावीस मिनिटांनी रंग तर येतो, पण कपात फक्त वाळल्यासारखी सपाट चव राहते. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नव्हे, ओटीजीची काच आणि वायरिंग त्यासाठी केलेली नाही. घाणा २०० ग्रॅमवर आणा, पंधरा मिनिटं पूर्ण तापवून घ्या, वरचे-खालचे दोन्ही हीटर लावा आणि मधेच दार उघडू नका. खालच्या हीटरवर एक ट्रे ठेवा, नाहीतर फोलपटं त्यावर पडून धुमसतात.

पावसाळ्यात ओटीजी लावला की आरसीसीबी पडतो, ही तक्रार दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही ऐकू येईल. नळीच्या आतल्या हीटरभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि ती हवेतला ओलावा शोषते. मग थोडा करंट गळून अर्थिंगकडे जातो आणि आरसीसीबी आपलं काम करतो. काही जण यावर तिसरी पिन काढून टाकतात. तो करंट मग ओटीजीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. यंत्र प्लगमधून काढून दोन्ही हीटर दुसऱ्या उष्णतेने, हीट गनने किंवा कडक उन्हात, नीट सुकवा. नळीच्या टोकांजवळ जास्त वेळ द्या, ओल तिथूनच शिरते. नंतर जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा १०० अंशाला वीस मिनिटं रिकामा चालवा. सुकवूनही पडत असेल तर हीटर बदलायचा.

ब्रेडमेकरची निवड करताना मळण्याचं पातं तळाला घासून फिरतं का ते बघा. दाणे तळाशी गोळा होऊन एकत्रच फिरत असतील तर पात्याला स्टीलची दोन बोटं उंच पट्टी बोल्टने लावा, ती दाणे वर उचलते. ३०० ग्रॅम हा चांगला घाणा. हीट गन १८०० ते २००० वॉटची, तोंड दाण्यांपासून पाच ते सात सेंटिमीटरवर, आणि स्टँडला पक्की बांधलेली. हातात धरून दहा-बारा मिनिटं कोणी स्थिर ठेवू शकत नाही. व्होल्टेज कमी असेल तर गन दोन सेंटिमीटर खाली घ्यायची, जास्त असेल तर वर. दाणे ढवळणं मात्र चालूच राहतं, कारण मोटर वेगळी आहे. या जोडीला पहिला नंबर आहे तो एवढ्यासाठी. दोन्ही मिळून ओढ नऊ-दहा अँपिअरची होते, म्हणून गनला १६ अँपिअरचा सॉकेट द्या. ६ अँपिअरच्या प्लगची पिन वितळून आत चिकटते.

बिघाड इथेही ठरलेले आहेत. पीठ मळण्याचा कार्यक्रम सुरुवातीला थांबत-थांबत झटके देतो, म्हणून आधी रिकामा चालू करा आणि सलग फिरू लागला की दाणे घाला. दुसऱ्या घाण्याला यंत्र चालूच होत नाही आणि पडद्यावर एच अक्षर दिसतं, तेव्हा ते खराब झालेलं नसतं. भांडं गरम आहे असं सेन्सर सांगतोय, गार झालं की चालेल. ज्यांना एकामागून एक घाणे काढायचे त्यांनी मोटर थेट एका स्विचवर घ्यावी. तिचा कपॅसिटर तिच्याबरोबरच ठेवायचा. तो सोडला तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. काही महिन्यांनी पात्याच्या दांड्याजवळून किंचाळल्यासारखा आवाज येतो, कारण रबरी सील उष्णतेने कडक झालेलं असतं. खाद्यपदार्थांना चालणारं उच्च तापमानाचं सिलिकॉन ग्रीस लावा, सील फुटलं असेल तर बदला.

गन मधेच बंद पडते याचं कारण बहुतेकदा गनमध्ये नसतं. ती सरळ उभी धरली की वर उठणारी गरम हवा आणि फोलपटं तिच्याच मागच्या जाळीत ओढली जातात. तीस-चाळीस अंश तिरकी करा. काम संपल्यावर गार हवेवर दोन मिनिटं चालवून मगच बंद करा, नाहीतर कॉइल लवकर तुटते.

आणि भांड्याचा टेफ्लॉनचा थर. सुमारे २६० अंशांच्या वर तो विघटित होऊ लागतो आणि त्याचा धूर पिंजऱ्यातल्या पोपटाला जीवघेणा असतो. गनची हवा तोंडाशी ५०० अंशांहून गरम असू शकते, तेव्हा झोत कधीही भांड्याच्या भिंतीवर पडता कामा नये, दाण्यांच्या थरावरच पडला पाहिजे. भांड्याएवढा स्टीलचा डबा करून बसवता आला तर सर्वात उत्तम.

तापमान मोजणारा के टाइप थर्मोकपल तिन्ही जुगाडांना लागतो. टोक दाण्यांच्या मध्यात बुडलेलं हवं, जाड आवरणाचा घेऊ नका, तो मागे पडतो. तापवताना आकडा उतरत असेल तर तारा उलट्या जोडल्या आहेत. पहिला क्रॅक १८० ला ऐकू आला तरी घाबरायचं नाही, आपल्या यंत्राचा पहिला क्रॅक १८० असं धरून पुढे चालायचं.

यंत्र ठीक असूनही चव बिघडते तेव्हा दाण्याकडे वळावं. चिकमगळूर-कोडगूहून आलेला कच्चा दाणा साधारण १० ते १२ टक्के ओलाव्याचा असतो. आगोटीच्या बेगमीत तांदूळ-डाळींबरोबर गोणपाटात ठेवलात तर नारळी पौर्णिमेपर्यंत तो फिकट होतो आणि फुगतो. मलबार किनाऱ्यावर हेच मुद्दाम करतात आणि मॉन्सून्ड मलबार म्हणून विकतात, पण तिथे गोदामात दाणे ठरल्या वेळी उलटसुलट करतात आणि शेवटी वाळवून निवडतात. घरच्या कोपऱ्यात बुरशी येते. मेमध्येच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवा, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करा. ओलावलेला दाणा भाजायचाच असेल तर पिवळा होईपर्यंत आच कमी ठेवा आणि त्या टप्प्याला मिनिट-दीड मिनिट जास्त द्या. सुरुवातीलाच आच चढवली तर वरची कातडी करपते आणि गाभा ओला राहतो.

वजनातली घट हे भाजणीचं माप म्हणून चांगलं आहे, पण पावसाळ्यात ते फसवतं. ११ टक्के ओलाव्याच्या दाण्यात मध्यम भाजणीला १५ टक्के घट येत असेल, तर तीच भाजणी १४ टक्के ओलाव्याच्या दाण्यात सुमारे १८ टक्के दाखवेल. आकडा बघून लवकर उतरवलात तर कॉफी आंबट लागते. रंग आणि आवाज यांच्यावर जास्त विसंबा. आणखी एक: चेरी म्हणून मिळणाऱ्या न धुतलेल्या दाण्यांना प्लँटेशन म्हणजे धुतलेल्या अरेबिकापेक्षा खूप जास्त फोलपटं निघतात. पॉपकॉर्न यंत्रावर शिकताना प्लँटेशन घ्या.

गार करायला रोवळीसारखं भांडं नाही. पेडस्टल फॅन आडवा पाडून त्याच्या तोंडावर रोवळी धरा, हाताने हलवत राहा, चार मिनिटांच्या आत दाणे हाताला गार लागले पाहिजेत. फोलपटं तिथेच उडून जातात, उरलेली सुपात पाखडा. पावसात मात्र गार झालेले दाणे उघडे ठेवायचे नाहीत, लगेच वॉल्व्हच्या पिशवीत, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पिशवीत. कोमट असताना भरलेत तर आतून घाम धरतो. एस्प्रेसोसाठी आठवडाभर, साध्या फिल्टरसाठी दोन-तीन दिवस थांबा.

पडवीत भाजत असाल तर सकाळी भाजा. दुपारी खारे वारे सुटले की झोत वाकतो आणि पहिला क्रॅक लांबतो. धूर शेजाऱ्यांकडे जातो तो वेगळा प्रश्न. दुसऱ्या क्रॅकपर्यंत नेणार असाल, म्हणजे साधारण २२४ अंशांच्या पुढे, तर धूर दुप्पट धरा. फोलपटांनी पेट घेतला तर प्लग काढा, वर झाकण किंवा जाड पत्रा ठेवा. पाणी टाकू नका.

एअर फ्रायरमध्ये होतं का, असं सारखं विचारलं जातं. बहुतेकांची मर्यादा २०० अंशांची आणि दाणे हलवायची सोय नाही, म्हणून नको.

वीज गेली तर काय, हे आधी ठरवून ठेवा. पॉपकॉर्न यंत्रात पंखा थांबतो पण हीटर लालच असतो, तिथे सेकंद मोजायचे नाहीत, सरळ रोवळीत उलटं करा. ब्रेडमेकरमध्ये गन बाजूला घ्या आणि हाताने ढवळा. दाणे पिवळे व्हायच्या आधी वीज गेली असेल तर ते पसरून गार करा आणि त्याच दिवशी पुन्हा भाजा, चव थोडी उतरेल पण प्यायच्या लायकीची राहते. पहिला क्रॅक होऊन गेला असेल तर तिथेच थांबवून हलकी भाजणी म्हणून वापरा. मधल्या तपकिरी टप्प्यात अडकलेले दाणे दुसऱ्यांदा चढवू नका, ते फेकायचे. इन्व्हर्टरवर पॉपकॉर्न यंत्राची मोटर तेवढी चालवता येते, आणि पंखा वेगळा केलेल्यांना याचा फायदा होतो: वीज जाताच हीटर बंद, पंखा चालू, दाणे तिथल्या तिथे गार. घरचा नेहमीचा इन्व्हर्टर हीटरचा भार मात्र घेणार नाही, हीटरची जोडणी आधीच वेगळी करून ठेवा.